आकडा कुठून आला

एसपीएसएस हे सॉफ्टवेअर आज बाजारपेठेच्या पाहणीपासून वैद्यकीय संशोधनापर्यंत सगळीकडे चालतं, पण ते घडवलं राज्यशास्त्राच्या एका विद्यार्थ्यानं. नॉर्मन नाय स्टॅनफर्डमध्ये सर्वेक्षणाच्या माहितीवर काम करत होता. हाताशी सोयीचं साधन नव्हतं, म्हणून १९६८ साली दोन सहकाऱ्यांना घेऊन त्यानं ते तयार केलं. ही गोष्ट मी एम.ए.च्या पहिल्या तासाला आवर्जून सांगते, कारण समोर बसलेल्यांपैकी बरेच जण गणित टाळायचं म्हणून आर्ट्सला आलेले असतात. तास संपला की दोघं-तिघं टेबलापाशी येतात आणि विचारतात, "मॅडम, मग कुठलं सॉफ्टवेअर शिकू?" मी त्यांना म्हणते, सॉफ्टवेअर शिकायला महिना पुरतो, तुझ्या रकान्यात बसलेला आकडा तिथं कसा पोचला, ते सांगता यायला वर्षं लागतात. आधी त्याच्या मागे लाग.

हे मी शिकले ते वर्गात नाही. विद्यार्थिनी असताना निवडणुकीनंतरच्या सर्वेक्षणासाठी प्रश्नावल्या घेऊन गावोगाव फिरले, तिथं शिकले. आपल्याकडे या कामाला मोठी परंपरा आहे. पुण्यात वि. म. सिरसीकर यांनी साठच्या दशकातच मतदारांच्या वर्तनाचा प्रत्यक्ष अभ्यास सुरू केला होता. दिल्लीत रजनी कोठारींनी १९६३ साली सीएसडीएस ही संस्था उभी केली. तिथली निवडणूक सर्वेक्षणं मधे बरीच वर्षं थांबली आणि १९९६ पासून, पुढे 'लोकनीती'च्या नावानं, पुन्हा नेमानं होऊ लागली. या सर्वेक्षणांची पद्धत नंतर आमच्यासारख्या अनेकांनी आपापल्या छोट्या अभ्यासांत उचलली.

पद्धत सांगायला सोपी आहे. मतदान केंद्राची यादी घ्यायची. समजा यादीत ९६० नावं आहेत आणि आपल्याला २० माणसं हवी आहेत. ९६० भागिले २०, म्हणजे ४८. आता १ ते ४८ मधला एक आकडा चिठ्ठी टाकून काढायचा. १७ निघाला तर सतरावं नाव, मग पासष्टावं, मग एकशे तेरावं, असं यादीच्या शेवटापर्यंत. झालं. या वीस नावांच्या घरी जायचं आणि त्याच माणसाशी बोलायचं. त्याच्या भावाशी नाही, शेजाऱ्याशी नाही, "अहो ताई, मला विचारा की, मला सगळं ठाऊक आहे" म्हणणाऱ्या पारावरच्या दादांशी तर नाहीच.

कस लागतो तो या 'त्याच माणसाशी'मध्ये. आपल्याकडे विधानसभेची निवडणूक ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते. बीडकडच्या गावात त्या दिवसांत गेलं की यादीतली निम्मी नावं ऊसतोडीच्या टोळीबरोबर निघालेली किंवा निघायच्या घाईत. घराला कुलूप, ओट्यावर एखादी म्हातारी आणि दोन लहान पोरं. एका गावात यादीतली एक बाई वस्तीवर राहायला गेली आहे असं कळलं. बीएलओनं (केंद्राची मतदार यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यानं) बांधावरून हात करून दिशा दाखवली. तासभर चालून पोचलो, तर ती शेजारच्या शेतात कापूस वेचत होती. सरीच्या कडेला बसूनच तिनं उत्तरं दिली. आपल्या गावचा सरपंच तिला सांगता आला. आमदाराचं नाव सांगता आलं नाही. पण रेशनवर गेल्या दिवाळीला काय मिळालं आणि काय मिळालं नाही, हे तिनं बोटांवर मोजून सांगितलं. तिच्याऐवजी पारावरच्या दादांची मुलाखत घेतली असती तर आमच्या तक्त्यातली 'राजकीय माहिती' एकदम वाढली असती, आणि महाराष्ट्राचा मतदार आहे त्यापेक्षा वेगळाच दिसला असता.

अमेरिकेत १९३६ साली लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकानं एक कोटी लोकांना पत्रं पाठवली, वीस लाखांवर उत्तरं आली, आणि तरी अध्यक्षीय निवडणुकीबद्दलचा त्यांचा अंदाज साफ कोसळला. लँडन जिंकणार म्हणाले. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकला. पत्ते टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांतून घेतलेले होते आणि उत्तरं पाठवली होती ज्यांना हौस होती त्यांनी. पुस्तकात हा धडा सगळेच वाचतात. कापसाच्या सरीत बसल्यावर तो अंगात मुरतो. हजार माणसांचा नीट निवडलेला नमुना साधारण तीन टक्क्यांच्या फरकानं अख्ख्या राज्याबद्दल बोलू शकतो. सोयीनं गोळा केलेली लाखभर माणसं तसं बोलू शकत नाहीत.

मत कोणाला दिलं, हा प्रश्न आम्ही तोंडी विचारत नसू. पक्षांची चिन्हं छापलेला कागद हातात द्यायचा, पाठ फिरवायची, खूण करून घडी घालून पेटीत टाकायला सांगायचं. साधी गोष्ट, पण तिच्यामुळे किती फरक पडतो ते मी बायकांच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिलं. तोपर्यंत दारात उभं राहून दर उत्तर पुरवणारा नवरा त्या कागदापाशी थबकायचा. आणि बाई पदराआड कागद धरून, एक क्षण विचार करून, खूण करायची. तरीही निकालानंतरच्या सर्वेक्षणात जिंकणाऱ्या पक्षाला प्रत्यक्षापेक्षा जास्त मतं सापडतात, जगभर सापडतात. त्यासाठी पुढे भारांक लावावे लागतात. भारांक लावले असतील तर तसं लिहावं, न लावलेले आकडेही शेजारी द्यावेत, असं माझं ठाम मत आहे.

शिकवायला लागल्यावर माझा मोर्चा सर्वेक्षणाकडून निकालपत्रांकडे वळला. सर्वेक्षणाला पैसे लागतात. आमच्यासारख्या तालुक्याच्या कॉलेजात ते कुठून आणणार? पण फॉर्म २० सगळ्यांसाठी खुला असतो. मतमोजणीनंतर निर्णय अधिकारी जो अंतिम तक्ता भरतो तो हा : डाव्या बाजूला मतदान केंद्रांचे क्रमांक, वर उमेदवार, प्रत्येक चौकटीत मतं. आमदारकीच्या एका मतदारसंघात अशी तीनशे-साडेतीनशे केंद्रं. म्हणजे एका मतदारसंघाचं राजकारण गल्लीगल्लीनं समोर उघडं.

उघडं म्हणायचं, पण हाती येते ती स्कॅन केलेली, तिरकी, शिक्क्यांनी झाकलेली पानं. टेसरॅक्टसारखं अक्षरओळखीचं मोफत सॉफ्टवेअर मराठी आणि इंग्रजी दोन्ही वाचतं, पण स्कॅन पुसट असेल तर ३ चा ८ करतं आणि ते तुम्हाला सांगत नाही. म्हणून आमच्याकडे एक शिरस्ता पडला. प्रत्येक ओळीतल्या उमेदवारांच्या मतांची बेरीज त्याच ओळीतल्या एकूण वैध मतांशी जुळली पाहिजे, आणि प्रत्येक उमेदवाराच्या रकान्याची बेरीज जाहीर निकालाशी जुळली पाहिजे. आडवी आणि उभी. जिथं दोन्हींत सारखाच फरक येतो तिथं चुकलेली चौकट नेमकी सापडते. जुन्या मुनीमजींची ही रीत आहे आणि मला आजवर भेटलेल्या कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा तिनं माझा जास्त वेळ वाचवला आहे.

बेरजा जुळल्या तरी दोन निवडणुकांची तुलना लगेच करता येत नाही. मतदार वाढले की एका केंद्राचे दोन होतात, आणि पुढचे सगळे क्रमांक एकेकानं सरकतात. २००९ मधलं ११४ क्रमांकाचं केंद्र २०१४ मध्ये ११९ असू शकतं. क्रमांकावर भरवसा ठेवून दोन तक्ते जोडले तर संगणक कुरकुर न करता जोडून देतो आणि एका गावाची मतं दुसऱ्या गावाच्या नावावर चढतात. आम्ही शाळेचं नाव, खोलीची दिशा, यादीभागातली वस्ती असं एकेक ताडून जोडण्या केल्या. ज्या केंद्रांबद्दल खात्री पटली नाही ती बाजूला ठेवली आणि किती बाजूला ठेवली ते लिहिलं.

त्याहून मोठा खड्डा २००८ च्या पुनर्रचनेचा. कराड, इचलकरंजी, खेड, कोपरगाव हे लोकसभेचे मतदारसंघ नकाशावरून गेले. माढा, मावळ, शिरूर, हातकणंगले, शिर्डी आले. ही नावं बदलली म्हणून निदान लक्षात येतं. जिथं नाव तेच राहिलं आणि हद्द बदलली, तिथं घोटाळा. बारामती १९९९ मध्येही होती आणि २००९ मध्येही, पण दोन्ही बारामत्या एक नाहीत. तरी वर्तमानपत्रांतल्या तक्त्यांत 'या मतदारसंघाचा इतिहास' म्हणून १९५७ पासूनची रांग बिनदिक्कत छापली जाते. आम्ही क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर शिकलो ते या कारणासाठी. जुन्या हद्दी आणि नव्या हद्दी एकमेकींवर ठेवल्या की कुठलं महसूल मंडळ कुठून कुठे गेलं ते दिसतं. त्यात जनगणनेची माहिती मिसळायची तर पुन्हा अडचण, कारण २००१ आणि २०११ चे गावांचे संकेतांक वेगळे आहेत. शिवाय पालघर जिल्हा झाला २०१४ च्या ऑगस्टमध्ये. २०११ च्या जनगणनेत जव्हार-मोखाडा शोधायचं तर ठाण्यात शोधावं लागतं.

या कामात एका विद्यार्थ्यानं मला थांबवलं होतं. तो दलित वस्तीच्या केंद्रांचे आकडे घेऊन आला आणि म्हणाला, "मॅडम, या वस्तीत अमुक पक्षाला साठ टक्के मतं. म्हणजे दलितांची साठ टक्के मतं, असं लिहू ना?" मी हो म्हणायच्या आधी त्याचं त्यालाच खटकलं. त्या केंद्रात बौद्ध वस्ती होती, पण शेजारच्या दोन गल्ल्याही होत्या. मत माणूस देतो आणि आपल्या हातात आकडा आहे केंद्राचा. डब्ल्यू. एस. रॉबिन्सननं १९५० साली हे फार नेटकं दाखवून दिलं. १९३० च्या अमेरिकन जनगणनेत ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक जास्त, तिथं निरक्षरता कमी दिसत होती. पण व्यक्ती म्हणून पाहिलं तर परदेशात जन्मलेल्यांत निरक्षरता उलट थोडी जास्त होती. स्थलांतरित लोक साक्षर राज्यांत जाऊन राहिले होते, एवढंच. गटाचं गणित व्यक्तीला लावलं की दिशाच उलटू शकते. गॅरी किंगनं १९९७ मध्ये यावर एक संख्याशास्त्रीय तोडगा मांडला आणि त्यासाठी आर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तयार आज्ञावल्या आहेत. त्या आम्ही वापरतो. पण त्याच वस्तीत जाऊन वीस-पंचवीस घरांत बोलल्याशिवाय त्यांच्या उत्तरावर मी सही करत नाही.

केंद्रनिहाय आकड्यांनी मला दुसऱ्या एका बाजूनंही अस्वस्थ केलं. मतपत्रिकांच्या काळात वेगवेगळ्या केंद्रांची मतं मिसळून मोजता येत. मतदान यंत्रं आल्यापासून प्रत्येक केंद्राचा कौल सुटा कळतो. मिसळून मोजण्याची सोय करणारं यंत्र वापरावं, असं विधी आयोगानं २०१५ च्या अहवालात सुचवलं होतं. ते झालेलं नाही. एका निवडणुकीआधी एका उमेदवाराचा माणूस आमच्याकडे आला. त्याला आमचा नकाशा हवा होता : कुठल्या वस्तीनं 'दगा' दिला, ते रंगवून. माहिती सरकारी आहे, तो स्वतःही काढू शकला असता. पण रंगवलेला नकाशा देणं आणि वस्तीच्या नळाची जोडणी कोणाच्या हातात आहे, हे दोन्ही मला एकाच वेळी दिसत होतं. दिला नाही. तेव्हापासून आमच्या लेखांत लहान केंद्रांची नावं येत नाहीत; तीन-चार केंद्रांचे गट करूनच आकडे जातात. संशोधनाच्या नीतीचा धडा अभ्यासक्रमात शेवटी असतो. तो पहिला हवा.

आता सॉफ्टवेअरबद्दल, कारण ते विचारणारे माझ्यावर रुसतात. एसपीएसएस चांगलं आहे. पण त्याचा परवाना आमच्या कॉलेजाला परवडत नव्हता, आणि चोरून वापरलेल्या प्रतीवर उभं राहिलेलं संशोधन मला नको होतं. म्हणून आर. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी ते घडवलं आणि जगाला फुकट दिलं. सुरुवातीला माऊसनं काही होत नाही, सगळं टाइप करावं लागतं, म्हणून मुलं वैतागतात. पण त्या टाइप करण्यातच त्याचा जीव आहे. तुम्ही काय काय केलं, कोणती नोंद वगळली, कुठला गट कुठल्या गटात मिसळला, ते सगळं ओळीओळीनं फाइलमध्ये राहतं. एक्सेलमध्ये एखादी चौकट बदलली की बदलली. महिन्यानं कोणी विचारलं तर सांगता येत नाही. राजकारणावरच्या आकड्याला कोणी ना कोणी हरकत घेणारच, आणि घ्यावीच. अशा वेळी "ही फाइल घ्या, तुम्हीच चालवून बघा" असं म्हणता येणं ही मोठी ताकद आहे.

मराठीत काम करणाऱ्याला एक जाच वेगळा आहे. जुनी माहिती श्रीलिपी किंवा तसल्याच फॉन्टात टाइप केलेली असते. ती उघडली की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. आधी युनिकोडमध्ये बदलावी लागते आणि बदलताना जोडाक्षरं, रफार इकडेतिकडे होतात. मग ओपनरिफाइन कामाला येतं. ते मिळतीजुळती नावं एकत्र करून समोर ठेवतं : 'शिर्के', 'शिर्के ' (मागे एक रिकामी जागा), 'शिर्रके'. एकत्र करायचं की नाही ते तुम्ही ठरवायचं. संदर्भांसाठी झोटेरो. एवढ्यावर एम.ए.पासून पीएच.डी.पर्यंतचं बरंचसं काम निभावतं, आणि यातल्या कशालाच पैसे पडत नाहीत.

ज्या निर्णयाबद्दल मला आजही समाधान वाटतं तो सर्वेक्षणातल्या उत्तरांच्या कोडिंगच्या काळातला. जातीचा प्रश्न आम्ही खुला ठेवला होता. माणूस जे सांगेल ते त्याच्या शब्दांत लिहायचं. 'मराठा', 'कुणबी', 'कुणबी मराठा', 'शहाण्णव कुळी', 'तिरळे कुणबी', 'लेवा पाटील'. विश्लेषण करताना एवढे गट चालत नाहीत, म्हणून मोठे गट करायचे ठरलं. काहींचं म्हणणं, मूळ रकाना काढून टाकू, फाइल हलकी होईल. मी हट्ट धरला की मूळ शब्द तसेच राहतील आणि गट शेजारच्या नव्या रकान्यात पडतील. २०२३ मध्ये अंतरवाली सराटीच्या मराठा आरक्षण आंदोलनानंतर मराठा-कुणबी नोंदींचा प्रश्न राज्यभर पेटला, तेव्हा लोक स्वतःला पूर्वी काय म्हणवत होते, कुठल्या तालुक्यात काय म्हणत होते, हे पाहायला ते जुने शब्द आमच्याकडे शाबूत होते. आम्ही जात विचारली तेव्हा नोंदींचा हा वाद कोणाच्या मनातही नव्हता.

पक्षाच्या मतांचा हिशेबही असाच, मांडाल तसा दिसतो. भाजपची मतं विधानसभेला २०१४ मध्ये सुमारे २८ टक्के, २०१९ मध्ये सुमारे २६. घसरण झाली म्हणायचं का? २०१४ मध्ये चारही मोठे पक्ष सुटे लढले होते आणि भाजपनं सुमारे २६० जागा लढवल्या होत्या. २०१९ मध्ये युती होती आणि जागा होत्या १६४. लढवलेल्या जागांपुरता हिशेब केला तर चित्र उलटं होतं. लाक्सो आणि तागेपेरा यांनी १९७९ मध्ये दिलेलं पक्षांच्या परिणामकारक संख्येचं सूत्र आहे : प्रत्येक पक्षाच्या हिश्श्याचा वर्ग, त्यांची बेरीज, आणि एकाला तिनं भागायचं. चार पक्षांना प्रत्येकी पंचवीस टक्के असतील तर उत्तर चार. एकाला पंचावन्न, दुसऱ्याला पंचवीस, तिसऱ्याला वीस असतील तर अडीचच्या आत. आर मध्ये ही एक ओळ आहे. पण युती हा एक पक्ष धरायचा की दोन, हे ती ओळ ठरवत नाही. ते राज्यशास्त्राचं काम.

सध्या आमच्या विभागात मुलं २०१९ आणि २०२४ चे विधानसभेचे तक्ते जोडताहेत आणि अशाच एका प्रश्नानं त्यांना पुरतं घेरलं आहे. २०१९ च्या तक्त्यात 'शिवसेना' असा एक रकाना आहे, ५६ जागांचा. पक्ष फुटल्यावर २०२४ मध्ये धनुष्यबाण एकाकडे, मशाल दुसऱ्याकडे; राष्ट्रवादीतही घड्याळ एकाकडे, तुतारी वाजवणारा माणूस दुसऱ्याकडे. जुन्या रकान्याचा वारस कोण? निवडणूक आयोगानं चिन्ह ज्याला दिलं तो, ज्याच्याकडे आमदार गेले तो, की ज्याच्याकडे मतदार गेला तो? वर्गात दोन दिवस भांडणं झाली, आवाज चढले, एक जण उठून बाहेर गेला आणि चहा पिऊन परत आला. अखेर तीन स्वतंत्र रकाने करायचे ठरले : चिन्हाप्रमाणे, उमेदवाराप्रमाणे आणि आघाडीप्रमाणे. प्रत्येक रकाना कसा भरला त्याचा नियम कोडबुकात मराठीतून लिहायचा, आणि ज्या जागांवर एकमत झालं नाही त्यांच्यापुढे दोन्ही बाजूंचं म्हणणं नोंदवायचं. मराठवाड्याच्या ४६ जागांचं काम झालं आहे. विदर्भ चालू आहे.